ओल्ड ट्रॅफर्डच्या आधी मँचेस्टर युनायटेड कुठे खेळायचं?

क्लेटनमधल्या बँक स्ट्रीटवर, १८९३ ते १९१०. त्याआधी, रेल्वे कामगारांचा ‘न्यूटन हीथ’ हा संघ असताना, नॉर्थ रोडवर. तिथे मैदानाजवळून आगगाड्या धूर सोडत जायच्या आणि खेळाडूंना कपडे बदलायला ‘थ्री क्राउन्स’ पबपर्यंत चालत जावं लागायचं. पण माझा जीव गुंतलाय तो बँक स्ट्रीटमध्ये.

शेजारी रसायनांचे कारखाने, त्यांचा धूर थेट मैदानावर, आणि गवत म्हणाल तर नावापुरतं. मार्च १८९५ मध्ये वॉल्सॉल टाउन स्विफ्ट्सचा संघ आला आणि मैदान बघूनच त्यांनी हरकत घेतली. पंचांनी समजूत काढली, वाळूचा आणखी एक थर टाकला, मग कुठे सामना झाला. न्यूटन हीथने चौदा गोल मारले, एकही खाल्ला नाही! पण वॉल्सॉलची हरकत लीगने मान्य केली आणि १४-० हा निकाल रद्द झाला. फेरसामन्यात मैदान तेच, निकाल ९-०. खेळाडूंच्या पायाखाली काय होतं हे लक्षात घेतलं की मला त्या नऊ गोलांचं जास्त कौतुक वाटतं.

१९०२ मध्ये कर्जापायी मैदानाला टाळं लागलं. कर्णधार हॅरी स्टॅफर्ड पैशांसाठी अक्षरशः दारोदार फिरला. बिअरचे कारखानदार जॉन हेन्री डेव्हिस यांनी हात दिला आणि क्लबला मँचेस्टर युनायटेड हे नाव मिळालं. १९०८ चं पहिलं लीग विजेतेपद याच मैदानाच्या काळातलं. युनायटेडचा इतिहास ओल्ड ट्रॅफर्डपासून सुरू करणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

शेवटचा सामना २२ जानेवारी १९१० ला झाला, टॉटनहॅमला ५-० हरवून. महिनाही उलटला नव्हता तोच वादळात जुना स्टँड कोसळला, आत कुणी नसताना. दोनच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, ओल्ड ट्रॅफर्डवर पहिला सामना होता, लिव्हरपूलविरुद्ध. तो आपण ४-३ हरलो.

आज त्या परिसरात नॅशनल सायकलिंग सेंटर, म्हणजे सायकल शर्यतींचं केंद्र, आहे. तिथून चालत काही मिनिटांवर मँचेस्टर सिटीचं एतिहाद स्टेडियम लागतं.