अडॅप्टरचा दिवा लागतो म्हणजे अडॅप्टर चांगला, हे कुणी सांगितलं?

तुमचा प्रश्न असा: घरातला दोन डिस्कचा नॅस (सगळ्यांच्या फाइली एका जागी साठवणारा, घरच्या नेटवर्कला जोडलेला बॉक्स) परवापासून चालू होत नाही, अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लागतो, दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणतो, तर डाटा गेला असं धरायचं का?

अजिबात धरू नका. बोर्डही बहुतेक शाबूत असेल. आधी अडॅप्टर बघा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. ‘जळालं, टाकून द्या’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण हे आमच्याच घरी झालंय. २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी आली, आणि नॅस उठेचना. बटण दाबलं की निळा दिवा लुकलुकायचा, डिस्क जरा घुरघुरायच्या, की सगळं गप्प.

त्यात माझ्या सासऱ्यांची भजनं होती. पेटी वाजवत स्वतःच गायचे. ४० कॅसेटी मी दोन पावसाळे, दुकान बंद केल्यावर रात्री बसून, कॉम्प्युटरवर उतरवल्या. एका अभंगात ते मधेच थांबून खोकतात आणि ‘हं, परत घ्या रे’ म्हणतात. तेही मी कापलं नाही.

मेहुणे पुण्यात आयटीत आहेत. नॅस त्यांनीच बसवून दिलेला. ‘दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, तिसरी कॉपी कशाला?’ हेही त्यांचंच. फोनवर म्हणाले, “दाजी, बोर्ड गेला. जुनं झालंय, टाकून द्या.” आत त्यांच्याच वडिलांचा आवाज, आणि म्हणे टाकून द्या! इथल्या एका दुकानदारानं अडॅप्टरच्या पिनला मीटर लावला, १२.१ व्होल्ट दाखवले, आणि बोर्ड गेला म्हणून मोकळा झाला.

लोड नसताना व्होल्टेज बघून काय कळतं? ३.५ इंची डिस्क फिरायला सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. दोन डिस्क म्हणजे चार. अडॅप्टर पाच अँपिअरचा. मी तो दुकानात नेला आणि पिनला गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. एवढासा लोड, पावणेदोन अँपिअर. बल्ब लाल होऊन फडफडला आणि मीटर १२ वरून ७.४ वर आला. वरचा हिरवा दिवा तसाच लागलेला! व्हाइसमध्ये दाबून अडॅप्टरचा खोका उघडला तर आउटपुटच्या दोन्ही कंडेन्सरच्या टोप्या फुगलेल्या. वर्षानुवर्षं रात्रंदिवस गरम राहून आतून वाळले होते. गरम होते तोवर कसंबसं रेटत होते, लाईट जाऊन थंड पडले आणि परत उठले नाहीत. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा नवा अडॅप्टर लावला, तिसऱ्या मिनिटाला भजन सुरू. बायको स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली.

तुमच्याकडे बल्ब नसेल तर वायर काढून दोन्ही डिस्क बाहेर ओढा, कुठली कुठल्या खणातली ते पेनानं लिहून ठेवा, आणि रिकामा बॉक्स चालू करून बघा. रिकामा चालला आणि डिस्क घातल्यावर पडला तर दोष बहुतेक अडॅप्टरचाच. एकेक डिस्क घालूनही बघा, एखादी डिस्कच शॉर्ट असली तरी असंच होतं. चांगल्या अडॅप्टरवर रिकामा बॉक्सही उठला नाही तरच बोर्डाचं बोला.

लॅपटॉपचा अडॅप्टर पिन बसते म्हणून घालू नका. तो बहुतेक १९ व्होल्टचा असतो, मग खरंच बोर्ड आणि डिस्क दोन्ही जातील. पिनेची आतली बाजू प्लस आहे ना, तेही जुन्या अडॅप्टरवरच्या खुणेशी ताडून घ्या. डिस्क विंडोजला लावलीत तर ‘इनिशियलाइज’ करू का असं विचारेल, तिथं हो म्हणू नका. बहुतेक नॅस आतून लिनक्सच (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) वापरतात, त्यामुळे बोर्ड गेला तरी त्या डिस्क लिनक्सवर सहसा वाचता येतात. आणि तुमच्या बॉक्सला बाहेरचा अडॅप्टर नसून आतच पॉवर सप्लाय असेल तर वरचं बल्बचं विसरा, तो उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका करंट राहतो.

दोन डिस्कवर तेच लिहिणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी मेहुण्यांना तेव्हाच सांगितलं होतं. एका डिस्कवर फाइल पुसली की दुसरीवरही त्याच क्षणी पुसली जाते. आता तिसरी कॉपी एका हार्ड डिस्कवर पुण्याला त्यांच्याच कपाटात आहे. गणपतीत येताना ते घेऊन येतात, नवीन काही असेल ते मी भरून देतो. बॉक्स नशिबानं वाचला असं ते अजूनही म्हणतात.

तुमच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय आणि लोड लावल्यावर मीटर कुठं येतो, ते खाली कळवा. मी रात्री नऊनंतर बघतो.