टाकी, टाके आणि देवाचा टाक

प्रश्न असा आहे : ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ यातली टाकी म्हणजे छिन्नीच का? आणि पाट्याला लावतात ते टाके, देवघरातला टाक, सोनाराचा टाकणखार (बोरॅक्स) हे सगळे तिच्याच गोतावळ्यातले का?

पाण्याच्या टाकीचा इथे संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो. म्हणीतली टाकी छिन्नीच्या जवळची, पण छिन्नी नव्हे. छिन्नीला आडवी धार असते, टाकीला निमुळते टोक. छिन्नी तासते, टाकी टोचते. शहरात दोन्हींना सर्रास छिन्नी म्हणतात, कारागीरही सगळीकडे हा भेद पाळतात असे नाही. पण म्हण कळायला तो हवा. मराठवाड्यातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कठीण आणि एकजीव. वाळूच्या दगडासारखे थर त्याला नसतात. टाकी ठेवायची, वर सुतकी मारायची आणि कपचीकपचीने दगड उतरवायचा, याला दुसरी वाट नाही. म्हणून म्हणीत एक घाव नाही, घावांची रांग आहे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिलेले आहे. तिथे अशा घावांचे ओरखडे अजून दिसतात.

टाकी दगडाशी साधारण ४५ ते ६० अंशांत धरतात. फार उभी धरली तर कपची सुटत नाही, दगड आतल्या आत चिरडतो. तिथे पांढुरका ठिपका उरतो आणि कुरुंदाच्या दगडाने पाणी घालून घोटाई केली की नेमका तोच उठून दिसतो. फार आडवी धरली तर ती घसरते. नाक, बोटे, आयुधांची टोके यांना शेवटपर्यंत जास्तीचा दगड राखतात तो याचसाठी : उडालेली कपची परत बसत नाही.

दगडासारखे टाकीलाही सोसावे लागते. टोक बोथटले की भट्टीत लाल करून ठोकतात. याला ‘शेवटणे’ म्हणतात. आपल्याकडे कुदळ शेवटून आणतात, तोच शब्द. मग फक्त टोकाला पाणी द्यायचे, म्हणजे तापलेले टोक पाण्यात बुडवून कडक करायचे. पाणी जास्त झाले तर टोक ठिसूळ होऊन तुटते, कमी पडले तर वाकते.

आता व्युत्पत्ती. संस्कृतात ‘टङ्क’ म्हणजे पाथरवटाचे हत्यार. टाकी त्यातूनच आली. पाट्या-जात्याला टाकी लावून जे खड्डे पाडतात ते टाके. खड्डे उथळ पडले तर वाटण नुसते घसरते, खोल पडले तर मसाला त्यात अडकून बसतो. टाके लावल्यावर पहिले वाटण टाकून द्यायचे, नाहीतर चटणीत कच लागते. टकारी समाजाचे नावही याच कामावरून पडल्याचे सांगतात.

देवाच्या टाकाचे मात्र थोडे वेगळे आहे. खंडोबा, भवानी, रेणुका यांचे टाक टाकीने कोरलेले नसतात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतात, किंवा राळेच्या गादीवर उपडा टाकून मागून उठाव देतात, मग पुढून रेषा काढतात. ‘टङ्क’चा दुसरा अर्थ वजन आणि नाणे, टांकसाळ तिथली. ठसा उमटवलेला पत्रा म्हणून टाक, ही वाट मला टाकीपेक्षा सरळ वाटते. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

टाकणखार या गोतात ओढू नये. तो संस्कृतातला ‘टङ्कणक्षार’. टङ्कण हे जुन्या ग्रंथांत उत्तरेकडच्या एका लोकसमूहाचेही नाव आहे, त्यामुळे तो शब्द मालाबरोबर तिकडून आला असणे जास्त संभवते. टाकाशी त्याची गाठ पडते ती कामात. चांदीच्या पत्र्यामागे तांब्याचा पत्रा डाग देऊन, म्हणजे सांध्यावर जोडधातू वितळवून, बसवताना टाकणखार लावतात. तो सांध्यावरचा मळ खातो, म्हणून डाग पसरतो. तो लावला नाही तर डागाची गोळी होऊन जागच्या जागी राहते, सांधा अर्धवट राहतो, आणि पुढे अभिषेकाचे पाणी आत मुरून कडेने हिरवा कळंक फुटतो.

क्रियापदांचेही भान ठेवा. दगडाची मूर्ती घडवतात, पंचधातूची ओततात, टाक उठवतात. ‘टाक कोरून घेतला’ असे हल्ली ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा टाकीच असते. ‘टाक करून घेतला’ म्हटले तरी पुरते.