स्वतः अनाथ वाढलेल्या माणसाने तशाच मुलांसाठी गावाकडे अनाथाश्रम काढावा का?

आपण लिहिले आहे की बालपण आईवडिलांविना गेले, आता नोकरीत चार पैसे शिल्लक राहतात आणि बीडकडे जागा घेऊन आश्रम काढण्याचा विचार आहे. माझे मत विचाराल तर काढू नका. त्याआधी महिनाभर एखाद्या तहसील कार्यालयासमोर बसून पाहा. मी तिथेच बसतो, अर्ज टंकून देतो, आणि हे मत तिथे बसूनच तयार झाले आहे.

माझे वडील 1998 साली कराडकडच्या ऊसतोडीत ट्रॉलीखाली सापडून गेले आणि पुढच्या पावसाळ्यात कावीळ होऊन आई गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. चुलत्यांनी मला घरी नेले. दिवाळी झाली की चुलते आणि चुलती कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत घरात मी, आजी आणि दोन शेळ्या एवढेच उरायचो. शाळेत वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागत, आणि घरी तो कधीच सापडत नसे. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, त्याच्या गावात नव्हे, हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे दाखला नाही याचा दोष मी कित्येक वर्षे आमच्या ग्रामपंचायतीला देत राहिलो.

बारावीनंतर 2009 साली उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेलो. त्यांनी सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला आणि बोट टेकवून म्हणाले, ‘‘हे नाव तुझंच ना?’’ माझेच होते. नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे आणि त्यापुढे चुलत्यांचे नाव होते. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा, असे त्यांनी समजावून सांगितले; आता तू सज्ञान झालास, शाळा सोडल्याचा दाखला जोडून शेरा कमी करण्याचा अर्ज दे. पावणेदोन एकर कोरडवाहू रान दहा वर्षे माझ्या नावावर होते आणि त्याच रानात मी चुलत्यांचा गडी समजून तूर खुरपत होतो. वारसाच्या फेरफारासाठी वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडलेला होता. म्हणजे चुलत्यांनी कराडकडची ती ग्रामपंचायत शोधून काढली होती, आणि शाळेला सापडत नसलेला कागद तलाठ्याला वेळेवर सापडला होता.

सातबारा खिशात घालून घरी आलो तेव्हा चुलते ओट्यावर कानशीने कोयत्याला धार लावत होते. मी विचारले. त्यांनी मान वर न करता म्हटले, ‘‘दोन येळंला खायला घातलं का न्हाई तुला? मग कशाचा हिशेब मागतोस?’’ मला उत्तर सुचले नाही. चुलतीने भाकरी वाढली आणि ती मी खाल्ली.

आपल्या प्रश्नावरून मला नेमके हेच आठवले, कारण आश्रम काढणारी बरीच मंडळी याच हिशेबाने चालतात. पोटाला घातले की मुलाचे देणे फिटले असे त्यांना वाटते. आमच्या भागातल्या अनाथ मुलांपैकी कित्येकांना आजी, मावशी, मामा यांपैकी कोणीतरी असते आणि भाकरी कशीबशी मिळतेच. त्यांच्याजवळ कागद नसतो. सरकारच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा 2250 रुपये मिळतात, मुलाला घरापासून तोडावे लागत नाही, आणि आई किंवा वडील यांपैकी एकच गेले असतील तरी अर्ज करता येतो. पण मृत्यूचा दाखला तीनशे किलोमीटरवर अडकलेला असेल तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातच नाही. 2018 पासून अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे, त्यालाही अनाथ प्रमाणपत्र लागते. अज्ञानाची जमीन पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही हा कायदा 1956 चा आहे, आणि तरीही असे व्यवहार घेऊन माणसे माझ्या टेबलाशी येतात.

म्हणून आपले पैसे एसटीच्या तिकिटांना, नकलांच्या फीला आणि मुलाबरोबर दोन दिवस रजा काढून जाणाऱ्या माणसाला द्या. सगळ्या कागदांचा एक संच मुलाच्या मुख्याध्यापकांकडे ठेवा, नातेवाइकांच्या पेटीत एकुलता एक संच मुळीच ठेवू नका. आतापर्यंत चाळीसेक मुलांच्या फायली मी अशा लावल्या आहेत आणि त्याला एक खोलीही बांधावी लागली नाही.

अर्थात ज्यांना खरोखरच कोणी नाही किंवा ज्यांना घरातच मारहाण होते, त्यांना छप्परच लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर नळदुर्गला अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे राहिले नसते तर त्या मुलांनी कोणाच्या दारात जायचे होते? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यातल्या आर्वीचे ‘शांतिवन’ जे करते, ते माझ्यासारख्या अर्जवाल्याला जमणारे नाही. पण ती आयुष्ये वाहून घेतलेल्या माणसांची कामे आहेत; शनिवार-रविवारी येऊन चालवायची नव्हेत. चुलत्यांविषयीही एवढे सांगायला हवे की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्यांच्याही अंगावर होती आणि माझे रान त्यांनी विकले नाही.

मागच्या वर्षी ते श्रावणबाळ योजनेचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याच टेबलाशी आले. वयाचा पुरावा कुठून काढायचा ते मी त्यांना सांगितले, अर्ज नीट टंकून दिला, चहा पाजला आणि इतरांकडून घेतो तेवढेच पन्नास रुपये घेतले. त्यांनी ते निमूटपणे मोजून दिले.