जीभ टाळूला लावून ठेवली, गिळायची सवय बदलली, तर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं) जातो का?

जात नाही, थोडा कमी होऊ शकतो. झोपेत जिभेचा स्नायू सैलावतो, जीभ घशाकडे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. तोंड उघडं राहिलं की जबडा खाली जातो, मग जास्तच. गिळताना जीभ दातांवर रेटणं मात्र मला कारणापेक्षा खूण वाटते: नाक बंद, टॉन्सिल मोठे, टाळू अरुंद असला की ही सवय लागते.

व्यायामांना आधार आहे. ब्राझीलमधल्या २००९ च्या अभ्यासात मध्यम त्रासाच्या रुग्णांनी तीन महिने रोज जीभ-घशाचे व्यायाम केले. तासाला श्वास अडण्याचं सरासरी प्रमाण २२ वरून १४ च्या आसपास आलं. चांगलंच, पण नॉर्मल म्हणजे ५ च्या खाली.

तुम्ही लिहिलंय, नाशिकहून मुंबईला गाडी चालवत जाताना मिस्टरांना कसारा घाटात डुलकी लागते. मग आधी नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी. ती हल्ली घरीही होते. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) सांगितलं तर व्यायाम सोबत करा, त्याऐवजी नको. तोवर गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवावी. आणि व्हिडिओ बघून झोपेत तोंड बंद राहावं म्हणून चिकटपट्टी लावू नका, नाक चोंदलेलं असेल तर मुळीच नाही.