मुलांसाठी महिन्याला दोन हजार बाजूला टाकायचे तर कुठे टाकावेत?

तुमचा प्रश्न असा: मुलगी 4 वर्षांची, मुलगा 1 वर्षाचा, राहायला कोल्हापूरजवळ. पगाराला दूधबिलाचा हातभार, त्यातून महिन्याला दोन हजार निघतात. आजोबांना नातीचं खातं स्वतः उघडायचंय आणि एजंटनं चाइल्ड पॉलिसी (मुलांच्या नावानं विकली जाणारी विमा-बचत योजना) सुचवलीय.

योजना नंतर बघू. आधी पैसे कुठल्या वर्षी लागणार ते कागदावर लिहा. बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

मुलीसाठी सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खातं उघडाच. वर्षाला किमान 250 रुपये, कमाल दीड लाख, आणि व्याज 2024 च्या जानेवारीपासून 8.2 टक्के आहे. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, म्हणजे तो बदलू शकतो. तो तसाच राहिला असं धरून महिना हजार रुपये भरले, तर 15 वर्षांत भरणा होतो 1 लाख 80 हजार आणि 21 वर्षांनी हातात येतात साधारण साडेपाच लाख. पण ही 21 वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजतात, मुलीच्या वयाप्रमाणे नाही. आज 4 वर्षांच्या मुलीचं खातं ती 25 ची झाल्यावर पिकणार. कॉलेजची फी मात्र 18 व्या वर्षी भरायची असते. मुलगी दहावी झाल्यावर किंवा 18 पूर्ण झाल्यावर (जे आधी होईल ते) शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण मागच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या जास्तीत जास्त निम्मे, तेही प्रवेशाची किंवा फीची कागदपत्रं दाखवून. महिना हजाराच्या हिशेबानं तेव्हा खात्यात तीनेक लाख असतील, म्हणजे हाताशी येणार दीडेक लाख. इंजिनिअरिंगची चार वर्षं एवढ्यात निघत नाहीत, म्हणून सुकन्यात महिना हजारच घाला, सगळे दोन हजार नकोत.

आता तारखेचं. सुकन्या आणि पीपीएफ (कुणालाही उघडता येणारं 15 वर्षांचं सरकारी बचत खातं) दोन्हींत महिन्याच्या 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज बसतं. 6 तारखेला भरलेल्या हप्त्याचं त्या महिन्याचं व्याज गेलं. मार्चअखेर पोस्टात रांग लावून वर्षाची रक्कम भरणारे तर त्या वर्षाच्या व्याजाला पूर्णच मुकतात. तेच बारा हजार दरवर्षी 5 एप्रिलच्या आत एकरकमी भरले, तर महिन्याच्या हप्त्यापेक्षा शेवटी वीसेक हजार जास्त मिळतात. घरचा ऊस असेल तर बिलातून ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा आणि एप्रिल उजाडताच भरा. दूधबिलावर भागवायचं असेल तर ते दर दहा दिवसांनी येतं. त्यातलं महिन्याचं शेवटचं बिल हप्त्यासाठी राखा, म्हणजे 1 ते 4 तारखेत भरणा होतो. पोस्टातल्या बचत खात्याला स्थायी सूचना देऊन ठेवली की आठवण ठेवावी लागत नाही, फक्त त्या तारखेला शिल्लक हवी. एखाद्या वर्षी 250 सुद्धा भरले गेले नाहीत तर खातं थकीत होतं. घाबरायचं कारण नाही, त्या वर्षाचे 250 आणि 50 रुपये दंड भरला की ते पुन्हा चालू होतं.

आजोबांनी पैसे जरूर द्यावेत, पण पालक म्हणून सही आई किंवा वडिलांचीच हवी. आजी-आजोबांनी पालक म्हणून उघडलेली जुनी खाती आईवडिलांच्या नावे करून घ्यायला लागताहेत, तो हेलपाटा आत्ताच टाळा.

मुलासाठी पीपीएफ, महिना 500. खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून 15 वर्षं धरतात, म्हणजे मुलगा 17 च्या आसपास असताना, नेमका बारावीच्या सुमारास पैसा मोकळा होतो. सध्याच्या 7.1 टक्क्यांनी 90 हजारांच्या भरण्याचे दीड लाखावर होतात. दोन्ही योजनांचं व्याज करमुक्त आहे. भरण्यावरची वजावट मात्र फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

उरलेले 500 इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या ठरावीक हप्त्यात, आणि ती आईच्या नावावर, नॉमिनी म्हणून मुलं. 18 वर्षांखालच्या मुलाच्या नावावर केली तर पैसे काढताना ते मुलाच्याच बँक खात्यात येतात आणि 18 पूर्ण झाल्यावर त्याचं पॅन, केवायसी (ओळखीची कागदपत्रं तपासणं) होईपर्यंत व्यवहार थांबतात. नेमका तोच प्रवेशाचा हंगाम असतो. बाजार खाली गेला म्हणून हप्ता बंद करू नका, पण फी भरायला तीन वर्षं उरली की दरवर्षी थोडी रक्कम काढून मुदत ठेवीत टाकत जा.

पिग्मी आणि भिशी आपल्याकडे घरोघरी आहेत. पैसे गोळा करायला पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची ठेव) उत्तम, पण ती वर्षभरापुरतीच ठेवा आणि जमलेली रक्कम एप्रिलमध्ये सुकन्यात वळवा. ठेव विम्याचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण सहकारी बँकेतल्या ठेवीला असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. पंधरा-वीस वर्षांचा पैसा पतसंस्थेत ठेवू नये असं मी स्पष्ट सांगेन, मग संचालक कितीही ओळखीचे असोत.

चाइल्ड पॉलिसी घेऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत मोडली तर भरलेले सगळे पैसे परत येत नाहीत, आणि विमा हवा तो मिळवत्या माणसाचा. त्यासाठी साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या, त्याचा हप्ता या दोन हजारांतून मात्र काढू नका.

पोस्टात जाण्याआधी जन्मदाखला काढून बघा. बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं असतं. ग्रामपंचायत किंवा महापालिकेत, जिथे जन्माची नोंद आहे तिथे, पहिल्या 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क लागतं. मुलगा 1 वर्षाचा आहे म्हणता, तर हे याच आठवड्यात करा. दाखल्यावरचं वडिलांचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही पाहा. सोबत पालकांचं आधार, पॅन आणि फोटो न्या.