जुन्या खुर्चीला वेत भरताना

अनेक आशीर्वाद.

जुनी शिसवी खुर्ची हाती आली की लगेच वेत भिजवायला घेऊ नकोस. आधी ती उलटी कर आणि सगळे सांधे हलवून बघ. ताणलेली जाळी चौकटीला आत ओढते, त्यामुळे ढिल्या सांध्यावर विणलेली जाळी लवकरच लोंबते. असल्या खुर्च्या बहुधा सरसाने जोडलेल्या असतात. कोमट पाण्याने सरस मऊ पडतो आणि कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, न तुटता सुटतं. जुना सरस पुरता खरवडल्याशिवाय फेविकॉल लावू नकोस, धरत नाही. खिळा तर नकोच, त्याने कुसूच फुटतं.

मग वेत ओवायची चौकटीतली भोकं साफ करून त्यांच्या कडा गोल कानशीने घासून बोथट कर. वेत तुटतो तो बहुतेक तिथेच. वेताची पट्टी भोकांवरून ठरते: दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर 12-13 मिमी असेल तर सव्वादोन मिमीची, 16 असेल तर अडीचची, 19 असेल तर तीनची. कोमट पाण्यात 15-20 मिनिटं पुरेत. फार भिजली की काळवंडते.

चकचकीत बाजू वर ठेव. मधल्या भोकापासून सुरुवात कर, पहिली फेरी मागून पुढे, दुसरी तिच्यावरून आडवी, तिसरी पुन्हा उभी, पहिलीच्या जरा उजवीकडे. चौथी आडवी विणायची: तिसरीच्या वरून, पहिलीच्या खालून. पहिल्या तीन फेऱ्या करकचून ताणल्यास तर तिरक्या फेऱ्यांना जागाच उरत नाही. वेत वाळताना आपोआप ताणला जातो.

पाचवी आणि सहावी तिरकी, इथेच खरी गोम आहे. एक तिरकी पहिल्या-तिसऱ्या फेरीच्या उभ्या जोड्यांच्या वरून जात असेल तर दुसरी खालून जायला हवी. वर-खाली बरोबर असेल तर पट्टी जोड्यांच्या कोपऱ्यात सरकून बसते. अडकून तिचे तंतू निघायला लागले की समज उलटं विणलंय. उसव.

वेताची बैठक 17व्या शतकात आशियाशी चाललेल्या व्यापारातून युरोपात पोचली, 1660 नंतर लंडनमध्ये तिची फॅशनच झाली. ती धूळ धरत नाही, तिला कसर लागत नाही. आपल्या हवेत तर वाराही खेळतो. मात्र भोकांच्या जुन्या चौकटीत खोबण पाडून आधीच विणलेली तयार जाळी ठोकणं मला पटत नाही.

जाळीवर व्हार्निश मारू नकोस, तडकतं. अधूनमधून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरव, पाणी तिथूनच मुरतं. आणि गिऱ्हाइकाला बजावून सांग: पंखा पुसायला या खुर्चीवर चढायचं नाही.