"लगीन होवच्या आधी असला इंजेक्शन कित्याक?"

पत्र: ताई, मी २१ वर्षांची. घर वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत, कुडाळला मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. दुकानात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचं पोस्टर लागलंय. आमची काकी दोन वर्षांपूर्वी याच आजाराने गेली. तिने कधी घर आणि देऊळ सोडून तिसरी जागा पाहिली नव्हती. मला लस घ्यायचीय. आई म्हणते, "लगीन होवच्या आधी असला इंजेक्शन कित्याक? लोकांका कळला तर काय म्हणतले?" मे महिन्यात माझं लग्न ठरलंय. शेजारीण सांगते की या लशीने मूल होत नाही, गुजरातेत मुली मेल्या. धाकटी बहीण १३ वर्षांची आहे, तिचं काय करू? आईला न सांगता घेऊ का? आणि एक कुणालाच न सांगितलेली गोष्ट: कॉलेजात असताना एका मुलाशी माझे संबंध आले होते. आता लस घेऊन उपयोग आहे का? डॉक्टरांना ते कळेल का?

उत्तर:

बाय, जे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, त्याचं उत्तर सगळ्यात आधी देते.

डॉक्टरांना कळणार नाही. लस दंडावर देतात. त्याआधी आतून तपासणी होत नाही, कसला दाखला लागत नाही. गरोदर नाहीस ना, ताप नाही ना, कुठल्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती का, एवढंच विचारतात. आणि उपयोग आहे. संबंध येण्याआधी घेतली तर तो सर्वात जास्त, म्हणून तर ती ९ ते १४ या वयात द्यायला सांगतात. पण हा आजार एचपीव्ही नावाच्या, संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो, आणि लस त्याच्या एकाहून जास्त प्रकारांवर काम करते. त्यातला एखादा आधी येऊन गेला असला तरी बाकीच्यांपासून संरक्षण मिळतंच. झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही. त्या मुलाबद्दल एवढंच म्हणेन, की तू काही गुन्हा केलेला नाहीस. ती गोष्ट कुणाला सांगायची की नाही, हे तुझं तू ठरव.

आता आईचं म्हणणं. तिला वाटतं, ही लस म्हणजे मुलीच्या चालचलणुकीवर मारलेला शिक्का. मग काकीचं काय? एक नवरा, एक घर, आणि तरी तिला हा आजार झाला. एचपीव्हीचा संसर्ग संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो. ज्याला झाला त्यालाही पत्ता नसतो. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्यात ठाण मांडून बसतो, विशेषतः १६ आणि १८ नंबरचे प्रकार. गर्भाशयमुखाच्या दर दहा कर्करोगांतले साधारण सात या दोघांमुळे होतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बऱ्याचदा १५-२० वर्षं जातात आणि तेवढ्या काळात बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सव्वा लाखावर बायकांना हा आजार झाला आणि जवळपास ८०,००० गेल्या. या सगळ्या बायकांची चालचलणूक कोण काढत बसणार?

काकीला पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जायला लागलं असेल. तिने ते कुणाला सांगितलं असेल का, मला माहीत नाही. पण अशा कितीतरी बायका मी पाहिल्यात, ज्या पाळीच्या जुन्या फडक्यांच्या घड्या फडताळातून पुन्हा बाहेर काढतात, रात्री धुतात, आणि कुणाला दिसू नयेत म्हणून न्हाणीघराच्या मागे, माडाच्या झावळांआड वाळत घालतात. वर्षभर. पाळी गेल्यावर रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. लाजेपायी थांबण्यात बायका जातात, आणि तुझी आई आत्ता त्याच लाजेपायी तुला थांबवतेय. तिला ते दिसत नाही, एवढंच.

शेजारणीच्या बोलण्यात एक खरा धागा आहे. तो समजून घे, म्हणजे तिला उत्तर देता येईल. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये या लशीचा एक प्रकल्प राबवला गेला. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि प्रकल्प थांबवला. चौकशीत लशीमुळे मृत्यू झाल्याचं आढळलं नाही. कुणी बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलं होतं. पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती, असंही चौकशीतच निघालं. लोकांचा विश्वास तिथे उडाला, आणि त्याबद्दल मी लोकांना दोष देत नाही. त्यानंतर जगभर कोट्यवधी मुलींनी ही लस घेतली. वांझपण येतं असं कुठेही दिसलं नाही. लशीत जिवंत विषाणू नसतोच, त्याचं नुसतं बाहेरचं कवच असतं. दंड दुखतो, कधी कणकण येते, डोकं दुखतं. सुई पाहून चक्कर येणाऱ्या मुली असतात, म्हणून घेतल्यावर १५ मिनिटं तिथेच बसायचं. इंग्लंडमध्ये ज्या मुलींनी १२-१३ व्या वर्षी ती घेतली, त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसून आलं.

तुझ्या वयाला आपल्याकडे तीन डोस देतात: पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दसऱ्याच्या आसपास पहिला घेतलास तर दुसरा मार्गशीर्षात येतो आणि तिसरा एप्रिलमध्ये, आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत. म्हणजे मेच्या आधी सगळे होतात. मधेच दिवस राहिले तर उरलेले बाळंतपणानंतर घ्यायचे, घाबरण्यासारखं काही नाही. पाळी चालू असली तरी चालतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही देशी लस परदेशी लशींपेक्षा स्वस्त पडते. भाव तुला दुकानातच विचारता येईल. बहिणीचं वय तर अगदी योग्य आहे. १५ च्या आत दोनच डोस लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून ९ ते २० वयाला एक डोसही चालेल असं म्हटलंय. तिच्यासाठी सरकारी केंद्रात मिळते का, ते आशाताईला विचार.

आईला न सांगता घ्यायचा हक्क तुला आहे. तू २१ वर्षांची आहेस. पण मला वाटतं, तू सांगावंस, कारण या घरात सगळ्यात जास्त धोका आत्ता तुला नाही, आईला आहे. तिचं वय तू लिहिलं नाहीस, पण ती चाळिशी-पन्नाशीतली असणार आणि तिच्या गर्भाशयमुखाची तपासणी कधीच झालेली नसणार.

मी स्वतः पहिल्यांदा गेले ती ४३ व्या वर्षी. परकरची नाडी सोडायला हात उठेना. सिस्टरने पडदा ओढला, टेबलावर पाय वर घ्यायला सांगितलं आणि म्हणाली, "श्वास सोडा, बोलत राहा." आत काहीतरी गार लागलं. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी लावलं आणि एक मिनिट थांबली. पेशींत बदल असतील तर तिथे पांढरा चट्टा उठतो, डोळ्यांना दिसतो. मला नव्हता. पाच मिनिटांत साडी सारखी करून मी बाहेर, आणि बाकड्यावर बसून रडले, कारण इतकी वर्षं मी एवढ्याचीच धास्ती घेतली होती. चट्टा दिसला तरी तो कर्करोगच असतो असं नाही. त्या अवस्थेत छोट्या उपचाराने तो काढता येतो. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी करायची, लस घेतलेल्यांनीसुद्धा. तेव्हा तुझीही वेळ येईल. धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमधल्या, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी, म्हणजे हा विषाणू आहे का ते पाहणारी चाचणी, मिळाली, त्यात या आजाराचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

बोलायचं कधी, तर जेवणं आटोपल्यावर ती मागीलदारी भांडी घासत असेल तेव्हा. तू राख-काथ्या घेऊन शेजारी बस. समोरासमोर नको, हातात काम असलं की बायका बोलतात. लशीपासून सुरुवात करू नकोस. काकीला काय काय होत होतं ते आईला विचार. जाऊबाई होत्या त्या, तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, आणि तिने ते बहुधा कुणाला सांगितलेलं नसेल. ती बोलेल तेवढं ऐकून घे. मग म्हण, "आये, माका इंजेक्शन घेवचा आसा आणि तुका तपासूक न्हेवचा आसा. एकाच दिवशी जावया."

त्या दिवशी नाही म्हणाली तर चार दिवसांनी पुन्हा विचार. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी कुठल्या वारी असते ते आशाताईकडून कळून घे आणि तुझ्या पहिल्या डोसची तारीख त्याच वारी पाड. तिचं काय ठरलं ते मला कळव.

तुझी,
ताई